म्हणी जाळू नका, साक्षीला उभ्या करा

म्हण आभाळातून पडत नाही. कुणीतरी ओट्यावर बसून, पानाची पिंक टाकता टाकता ती दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर हाणलेली असते. ज्याला लागते तो हसत नाही. हाणणारा हसतो, त्याच्या शेजारचा हसतो, आणि शंभर वर्षांनी शाळामास्तर फळ्यावर लिहितो : ‘खालील म्हणी पूर्ण करा.’ मार्क पाच.

दोस्तहो, ह्या पाच मार्कांचा हिशेब करायचा आहे.

आपल्याला पाजलं जातं की म्हणी म्हणजे लोकांचं शहाणपण, पूर्वजांचा अनुभव, भाषेचा अलंकार. कुठल्या लोकांचं? कुणाचे पूर्वज? अलंकार कुणाच्या अंगावर आणि डाग कुणाच्या? एवढं विचारलं की पांढरपेशा गडबडतो. मग चेहरा गोड करून म्हणतो, ‘अहो, म्हण आहे ती. एवढं काय मनावर घ्यायचं?’

आम्ही मनावर घेणार. आणि त्यांना वाटतं तसं रडत घेणार नाही. म्हण म्हणजे गावगाड्यानं स्वतःच्या तोंडानं दिलेला कबुलीजबाब आहे. गावानं आपल्याशी काय केलं हे त्याच्या कागदात सापडत नाही, कारण कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात. गावाच्या पोथीत सापडत नाही, कारण पोथी भटाच्या फडक्यात. पण म्हणीत सापडतं. हसताना माणूस बेसावध असतो. हसता हसता गाव बोलून गेलं. आता ते बोलणं पुराव्यात घ्यायचं.

पहिला पुरावा : ‘गाव तिथे महारवाडा.’

आज ही म्हण कशी वापरतात? ऑफिसात एखादा कामचुकार निघाला, सोसायटीत एखादा भांडकुदळ निघाला, की साहेब हसत म्हणतो, ‘चालायचंच, गाव तिथे महारवाडा.’ म्हणजे चांगल्याच्या जोडीला वाईट असायचंच. साहेबाच्या डोक्यात महारवाडा म्हणजे घाण, कटकट, नाइलाज.

आता म्हणीच्या मुळाशी जा. महारवाडा गावात नव्हता. गावकुसाबाहेर होता. पण एकाही गावाला तो नसून चालत नव्हता. का? वेशीवर पहारा कोण देणार? शिवेचं भांडण लागलं तर खरी शीव कोण दाखवणार? सारा घेऊन तालुक्याला कोण जाणार? सरकारी अंमलदार आला तर त्याच्या घोड्याला गवत आणि त्याच्या चुलीला सरपण कोण आणणार? मयताचा सांगावा घेऊन रात्रीबेरात्री पाच कोसांवर कोण पळणार? मेलेलं ढोर कोण ओढणार? ह्या सगळ्याच्या बदल्यात काय, तर बलुतं. खळ्यावरची पसाभर गळीत आणि दारोदारची शिळी भाकर. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी ‘गावगाडा’ लिहिला. बलुत्यांची ही सगळी यंत्रणा त्यात उघडी मांडलेली आहे. आणि लिहिणारे आत्रे काही आपल्या वस्तीतले नव्हते.

१९४८ साली बाबासाहेबांनी सरळ प्रश्न टाकला : अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांनी मांडलं की ही आधीच फुटलेली, पराभूत टोळ्यांतली माणसं. गावांनी राखणीसाठी त्यांना वेशीबाहेर बसवलं. अस्पृश्यता नंतर आली. म्हणजे वेशीबाहेरचा माणूस हा आधी गावाचा राखणदार होता.

आता तीच म्हण पुन्हा वाचा. ‘गाव तिथे महारवाडा.’ गाव स्वतःच सांगतंय की महारवाड्याशिवाय माझं पान हलत नाही. साल्यांनो, ही आमची नालस्ती नव्हे, तुमची पावती आहे! फक्त पावतीवरचे पैसे अजून दिलेले नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी जातीची नावं बदलायची. समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर म्हणायचं. बरं केलं. कुठल्याही पोराला पत्ता सांगताना मान खाली घालायला लागू नये. पण पाटी बदलली म्हणून वस्ती जागची हलते का? ज्या गावात नळाची पाइप वस्तीपर्यंत येता येता दमते, ज्या गावात स्मशानाच्या वाटेवरून अजून डोकी फुटतात, तिथे पाटीवर समतानगर लिहिल्यानं ओटा आणि वेस यांच्यातलं अंतर किती इंचांनी कमी झालं? पाटी रंगवायला एक डबा पुरतो.

दुसरा पुरावा : ‘पाटलाचं घोडं, महाराला भूषण.’

ही म्हण मोठी हुशार आहे. दुसऱ्याच्या वैभवावर फुशारकी मारणाऱ्याला ती मारतात. घोडं पाटलाचं आणि नाचतोय महार, असं म्हणून खी खी हसतात. पण घोड्यापाशी महार आलाच कसा? हौसेनं आला? त्या घोड्याला वैरण त्याची, खरारा त्याचा, घोड्यापुढं पळणं त्याचं. वतनाच्या नावाखाली चोवीस तास राबणं. बाप घरी नसला तर पोरगा, पोरगा नसला तर बाई. वतन माणसाच्या नावावर नव्हतं, अख्ख्या घराच्या मानेवर होतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ह्या वतनाच्या कायद्यात सुधारणेचं बिल आणलं तेव्हा हीच वेठ त्यांनी चव्हाट्यावर मांडली. वतन कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. म्हणजे तीस वर्षं. घोडं पाटलाचं, घाम आमचा, आणि भूषणाचा टोमणाही आम्हालाच! राबवून घ्यायचं आणि वर राबणाऱ्याला हौशी ठरवायचं. ही म्हण जुनी म्हणू नका. साहेबाच्या गाडीचा दरवाजा उघडणाऱ्या पोराकडे बघून आजही कुणीतरी ती पुटपुटत असतो.

तिसरा पुरावा : ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.’ हिच्यात जात दिसत नाही. पुस्तकात ती निरागस म्हण म्हणून येते. पण विचारा : सोनुबाईच्या हाती सोनं का नव्हतं? गरिबी होती, बरोबर. पण नुसती गरिबी होती का? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियम आहे की शूद्राचं नाव किळसवाणं असावं. दहाव्या अध्यायात चांडाळांनी लोखंडाचे दागिने घालावेत असं सांगितलं आहे. पोथीतली गोष्ट पोथीतच राहिली म्हणाल? १९२८ सालचं ऐका. इंदूर भागातल्या गावांत सवर्णांनी बलाई जातीवर फर्मान काढलं. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, पुरुषांनी रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, मयताचा सांगावा कितीही लांब असला तरी पोचवायचा. बलायांनी नकार दिला तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार टाकला, गावच्या विहिरींचं पाणी बंद केलं. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीच्या आधारानं हे नोंदवून ठेवलं आहे. आधी हातातलं सोनं काढून घ्यायचं, मग कथलाकडे बघून हसायचं. हा विनोद झाला काय? हा दरोडा आहे, आणि म्हण म्हणजे दरोडेखोराची शिट्टी.

आता पांढरपेशा उठतो. तावातावानं म्हणतो, ‘तुम्ही एकतर्फी बोलता. आमच्यावर नाहीत का म्हणी? भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. आम्ही मनावर घेतो का?’

वा रे पठ्ठे! तुझ्याच म्हणी तपासू. भटाला ओसरी दिली. बरोबर? म्हणजे भट ओसरीपर्यंत आला. त्याला बसायला दिलं. त्याचा गुन्हा काय, तर पाहुणा होऊन तो ऐसपैस झाला. आता मला सांग, महाराला ओसरी दिली अशी एक तरी म्हण दाखव. नाहीच. महाराला ओसरी देणं गावाच्या कल्पनेतसुद्धा बसत नव्हतं. टिंगल करायची तरी भट घरात, आम्ही कुसाबाहेर. सोनार, शिंपी, कुलकर्णी यांना का टोचलं? एकाच्या हातात सोनं, एकाच्या हातात कापड, एकाच्या हातात दप्तर. नाडलेल्या माणसानं नाडणाऱ्यावर काढलेला तो चिडका उसासा आहे. वरच्याला मारलेली म्हण तक्रार असते, खालच्याला मारलेली म्हण चाबूक असते. दोन्ही एका तागडीत तोलणारा वाणी तरी असावा नाहीतर वकील तरी.

काही विद्वान दुसरा डाव टाकतात. त्यांचं नाव व्युत्पत्ती. ‘कुठे राजा भोज, कुठे गंगू तेली’ घ्या. हिंदीतली म्हण, मराठीतही रुळलेली. उघड उघड तेल्याला चिखलात आणि राजाला आभाळात बसवणारी. पण एक गोष्ट सांगतात. म्हणे गंगू म्हणजे कलचुरी राजा गांगेय आणि तेली म्हणजे चालुक्य राजा तैलप. दोघांना भोजानं हरवलं, त्यावरून म्हण पडली. तेल्याचा काही संबंध नाही. ऐकायला झकास! पण दुसरा तैलप मेला ९९७ च्या सुमाराला, आणि भोज धारच्या गादीवर आला १०१० च्या सुमाराला. मेलेल्या राजाला भोजानं कुठल्या मैदानात हरवलं? त्यातूनही घटकाभर गोष्ट खरी धरू. तरी आज ती म्हण कानावर पडते तेव्हा खाली कोण जातो? तैलप जातो की घाण्यावरच्या बैलामागं चालणारा तेली जातो?

हे कोर्टालासुद्धा कळलं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा एक खटला २००८ साली सुप्रीम कोर्टापुढं आला. ‘चमार’ हा शब्द शिवी की नुसतं जातीचं नाव, असा मुद्दा होता. कोर्टानं स्वच्छ सांगितलं की शब्दाचा मूळ अर्थ बघायचा नाही, आज लोकांच्या तोंडी त्याला जो अर्थ आला आहे तो बघायचा. अपमान करण्याच्या हेतूनं म्हटला तर गुन्हा. दोस्तहो, हे पाठ करून ठेवा. मूळ शोधायचं ते अत्याचार कुठून सुरू झाला हे दाखवायला. गुन्हेगाराला सोडवायला शोधलेलं मूळ आपल्या उपयोगाचं नाही. त्याच पाणवठ्यावरचे शब्द मराठीत कमी आहेत काय? नसती विचारपूस केली की ‘चांभारचौकशा’. चांभारानं असं कुणाला काय विचारलं होतं रे? पायाचं माप?

तुम्ही म्हणाल, हे सगळं खेड्यातलं झालं, आपण शहरात आलो, चाळीत आलो, कॉलेजात गेलो. शहर काय साबण लावून आलंय? शहरानं नव्या म्हणी घडवल्या. रोजचं वर्तमानपत्र उघडा : ‘भामट्यानं वृद्धेला गंडवलं.’ आता सरकारची विमुक्त जातींची यादी उघडा. तिच्यात भामटा आहे. राजपूत भामटाही आहे. तीच अक्षरं, एका कागदावर माणसं, दुसऱ्या कागदावर चोर. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. हजेरीशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. जन्मालाच गुन्हा ठरवलं. १९५२ साली कायदा रद्द झाला. मथळा मात्र रद्द झाला नाही. भामटा आडनाव-जातीचं पोर शाळेत बसून तो मथळा वाचतं तेव्हा मास्तर त्याला काय अर्थ सांगतात?

आणि शहरातली सगळ्यात लाडकी शिवी : ‘सरकारी जावई.’ मेडिकलला नंबर लागला, बँकेत नोकरी लागली, बढती मिळाली, की मागून कुजबुज सुरू. जावई म्हणजे काम न करता पाटावर बसून पुरणपोळी खाणारा. बरं, मग इतिहासातले सरकारी जावई शोधू या. पेशवे श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत होते. रयतेच्या साऱ्यातून. पेशवाई बुडाली तरी ताट मोडलं नाही. इंग्रजांनी दक्षिणेचा पैसा चालू ठेवला, आणि त्यातून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. शिकवणारे ब्राह्मण, शिकणारे ब्राह्मण, पैसा सरकारचा. तिथे कुणी गुणवत्तेची टक्केवारी विचारली होती? पिढ्यान् पिढ्या ही पंगत चालली, पण त्यावर ‘सरकारी जावई’ अशी शिवी मराठीत पडली नाही. शिवी पडली ती आपली पोरं पंगतीत बसायला आल्यावर. घटनेनं दिलेला हक्क हातात घेऊन आल्यावर. शिवीची जन्मतारीख बघितली की शिवी कुणाच्या पोटदुखीतून जन्मली हे कळतं.

ही कुजबुज नुसती हवेत विरत नाही. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी डॉक्टर मुलीनं जीव दिला. तिला जातीवरून टोमणे मारून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. निकाल कोर्ट देईल. पण वसतिगृहात, वॉर्डात, कँटीनमध्ये ‘कोट्यातली’ हा शब्द हसत हसत उच्चारणाऱ्या प्रत्येकानं आपल्या जिभेकडे एकदा बघावं. ‘गंमत होती हो’ असं प्रेताला सांगता येत नाही.

आता आपल्यातल्याच काही सज्जनांना विचारायचं आहे. ते म्हणतात, ह्या घाणेरड्या म्हणी कोशातून काढून टाका, पुस्तकातून फाडा, विषय मिटवा. मी म्हणतो, सबूर! १८९९ साली मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्यानं मराठी म्हणी गोळा करून ऑक्सफर्डला छापल्या. दाते आणि कर्वे यांनी १९४२ आणि १९४७ साली वाक्संप्रदाय कोशाचे दोन खंड काढले. त्या ढिगात आपल्या छळाच्या नोंदी आहेत. त्या फाडल्या तर फायदा कुणाचा? उद्या हाच पांढरपेशा छाती काढून म्हणेल, ‘आमच्या महाराष्ट्रात जातिभेद तसा नव्हताच हो.’ पुरावा जाळायची घाई नेहमी आरोपीला असते, फिर्यादीला नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. तो कायद्याचा ग्रंथ होता, हुकूम होता. हुकूम जाळायचा असतो. जबानी जपून ठेवायची असते.

म्हणून मागणी अशी करा : म्हण कोशात राहू द्या, पण तिच्यापुढं तिचं मूळ छापा. कुणी, कुणाला, कुठल्या कामाच्या बदल्यात ऐकवलेली, ते छापा. शाळेच्या पुस्तकात म्हण द्यायची तर वेठ म्हणजे काय हेही त्याच पानावर द्या. पाच मार्क त्याला ठेवा.

आणि शब्दांची मुळं आपल्या बाजूनं खणायची परंपरा आपल्याला नवी नाही. जोतीरावांनी १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात विदूषकाच्याच तोंडून भटाची लबाडी उघडी केली. हसणं भटाच्या बाजूनं होतं, ते त्यांनी शेतकऱ्याच्या बाजूला फिरवलं. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी ‘महार’ शब्द ‘महाअरी’ असा फोडला. म्हणजे मोठा शत्रू. निबंधमालाकार चिपळूणकरांनी जोतीरावांच्या भाषेवर दात काढले. शब्दपंडितांना ती फोड पटो न पटो. खाली पाहायला लावणाऱ्या शब्दात एका माळ्याच्या पोरानं लढणारा माणूस बसवला, हे दात काढणाऱ्यांना उभ्या जन्मात जमलं नाही. पुढं आंबेडकरी जलशांनी तेच केलं. भीमराव कर्डकांच्या जलशात सावकार आणि भट हसण्याचा विषय झाले, आणि ज्या वस्तीवर पिढ्यान् पिढ्या गाव हसलं ती वस्ती पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं हसली. कमरेत वाकून ‘जोहार’ म्हणणारा समाज ताठ उभा राहून ‘जय भीम’ म्हणायला लागला. कामठीच्या बाबू हरदासांना ह्या अभिवादनाचं श्रेय देतात. ते १९३९ सालीच गेले, शब्द मात्र घराघरात राहिला. म्हण पाडणाऱ्यानं आता ह्या शब्दालाही ‘जयभीमवाला’ अशी शेपटी लावून शिवी केली आहे. लाव बाबा. तू जेवढा दात खाऊन म्हणशील, तेवढ्या जोरात आम्ही ओ देऊ.

१९७२ साली नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ आलं तेव्हा साहित्यातल्या कित्येकांना त्यातले शब्द कळेनात. अर्थ सांगा, अर्थ सांगा! त्यांच्याच शहरातले, त्यांच्याच घरापासून दोन स्टेशनांवरचे शब्द. आपल्याला मात्र ‘सोवळं’ आणि ‘ओवळं’ यांचा अर्थ कुणी विचारावा लागला नाही. तो आपल्या पाठीला पाठ होता.

तेव्हा पोरांनो, पोरींनो, दोन कामं आहेत. पहिलं, आजी-आजोबांपाशी बसा आणि वह्या भरा. गावाच्या म्हणी तर घ्याच, पण महारवाड्यात, मांगवाड्यात, पालात, वाड्यावस्तीवर गावाबद्दल काय बोलत होते तेही घ्या. पाटलाची, कुलकर्ण्याची नक्कल रात्री चुलीपुढं कशी व्हायची ते लिहून काढा. ते कुठल्याही कोशात नाही. ती म्हातारी माणसं गेली की आपली अर्धी फिर्याद त्यांच्याबरोबर जाईल.

दुसरं, ऑफिसात, कॉलेजात, लोकलच्या डब्यात कुणी हसत हसत असली म्हण टाकली तर मान खाली घालू नका आणि लगेच कॉलरही धरू नका. शांतपणे विचारा : ‘ही म्हण कुठून आली, माहीत आहे का?’ नाही म्हणाला तर सांगा. वेस सांगा, वेठ सांगा, घोडं सांगा, कथलाचा वाळा सांगा. चार लोकांच्या देखत सांगा. बघा, त्याचं हसू कुठं जातं ते.

आणि सगळं ऐकूनही तो हसलाच, तर समजा की त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. मग कायदा आहे, आणि आपणही आहोत.